पहिला क्रमांक कोणाचा? अमेरिकेतील कॉलेज-फुटबॉल आणि क्रमवारीच्या पद्धती

२००० सालच्या डिसेंबर महिन्याच्या आरंभी अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या क्षेत्रात एक मोठा पेच उत्पन्न झाला होता. ओक्लाहोमा विद्यापीठाचा संघ त्या हंगामात एकही सामना हरलेला नव्हता; तेव्हा अंतिम सामन्यातील एक जागा त्याची, याविषयी कोणाचेच दुमत नव्हते. प्रश्न होता तो दुसऱ्या जागेचा. तिच्यावर तीन संघ हक्क सांगत होते आणि तिघांचाही त्या हंगामात एकेकच पराभव झालेला होता. वॉशिंग्टनने मायामीला ३४-२९ असे हरविले होते. त्याच मायामीने पुढे महिनाभराने फ्लॉरिडा स्टेटला २७-२४ असे हरविले होते. सरळ हिशेबाने पाहू गेले तर वॉशिंग्टन वर, मायामी त्याच्या खाली आणि फ्लॉरिडा स्टेट सर्वांच्या खाली, असा क्रम लागावयास हवा. प्रत्यक्षात अंतिम सामन्यासाठी निवड झाली ती फ्लॉरिडा स्टेटची!

हा निर्णय कोणा लहरी माणसाने दिलेला नव्हता. तो एका सूत्राने दिलेला होता. हे सूत्र हंगामापूर्वीच ठरलेले आणि सर्वांस ठाऊक असलेले होते. पत्रकारांचा आणि प्रशिक्षकांचा कौल, अनेक गणकयंत्रांची क्रमवारी, प्रतिस्पर्ध्यांचे बळ आणि पराभवांची संख्या या चार गोष्टींची बेरीज करावयाची आणि ज्याची बेरीज कमी त्याला वर बसवावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. फ्लॉरिडा स्टेटची बेरीज मायामीपेक्षा ०.३२ ने कमी भरली. कौल देणाऱ्या माणसांनी मायामीला वर ठेवले होते. यंत्रांनी फ्लॉरिडा स्टेटला. अंतिम सामन्यात ओक्लाहोमाने फ्लॉरिडा स्टेटचा १३-२ असा पराभव केला. इकडे मायामी आणि वॉशिंग्टन या दोघांनीही आपापले शेवटचे सामने जिंकले होते.

आपल्याकडे तालमीतल्या पोरालाही हा युक्तिवाद ठाऊक असतो की, ज्याने अमक्याला चीत केले त्यालाच मी चीत केले, म्हणजे मी अमक्याहून वरचढ. आणि तो युक्तिवाद दरवेळी खरा ठरत नाही, हे वस्तादांना ठाऊक असते. पण म्हणून प्रत्यक्ष झालेली झुंज बाजूला ठेवून, तिसऱ्याच हिशेबाने हरलेल्याला जिंकलेल्याच्या वर बसवावे काय? मायामीच्या मुलांनी मैदानावर आणखी काय करावयाचे शिल्लक राहिले होते? असा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही, आणि त्यातच या विषयाची गोडी आहे.

प्रथम या खेळाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. त्यात लंबगोल चेंडू हातात घेऊन धावावयाचे असते, फेकावयाचा असतो, आणि प्रतिपक्षाने अंगावर झेप घालून धावणाऱ्याला लोळवावयाचे असते. रग्बीशी त्याचे नाते जवळचे. हा खेळ अंगमेहनतीचा आणि इजांचा असल्यामुळे आठवड्यातून एकाहून अधिक सामना खेळणे शक्य नसते. त्यामुळे नेहमीच्या हंगामात एका संघाच्या वाट्याला साधारण १२ सामने येतात. उलट सर्वांत वरच्या श्रेणीत संघ किती? २०२४ मध्ये ते १३४ होते. प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ घालून द्यावयाची झाली तर ८,९११ सामने भरवावे लागतील. प्रत्यक्षात नेहमीच्या हंगामात या संघांच्या आपसातल्या सामन्यांची संख्या आठशेच्याही आत राहते. म्हणजे बारा जोड्यांपैकी जेमतेम एका जोडीची गाठ पडते आणि बाकीच्या जोड्यांविषयी अनुमानावर भागवावे लागते. त्यातही बहुतेक सामने आपापल्या प्रादेशिक गटात, म्हणजे ज्याला ते कॉन्फरन्स म्हणतात त्याच्या आत, होतात. एका गटातून दुसऱ्या गटात जाणारे पूल फार थोडे.

दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी जी राष्ट्रीय संघटना आहे, ती इतर खेळांत अजिंक्यपदे देते. परंतु फुटबॉलच्या या सर्वोच्च श्रेणीत तिने स्वतः अजिंक्यपदाची स्पर्धा कधीच भरविलेली नाही. ती जागा मोकळी राहिली आणि मग वृत्तसंस्था, प्राध्यापक, प्रशिक्षक, गणितज्ञ यांनी ती आपापल्या परीने भरून काढली.

यांत पहिला मान एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडे जातो. इलिनॉय विद्यापीठातील फ्रँक डिकिन्सन यांनी १९२६ पासून १९४० पर्यंत दरवर्षी आपली क्रमवारी प्रसिद्ध केली. त्यांची रीत पाटीवर करता येईल इतकी साधी होती. जे संघ हरण्यापेक्षा जास्त जिंकतात ते सबल, बाकीचे दुर्बल. सबल संघाला हरविले तर ३० गुण, दुर्बलाला हरविले तर २०. आणि हरणाऱ्यालाही गुण, ही यातली खरी नवलाई. सबलाकडून हरला तर १५, दुर्बलाकडून हरला तर १०. शेवटी सरासरी काढावयाची. आता समजा, एका संघाने आठ दुर्बल संघांशी सामने खेळून आठही जिंकले. त्याची सरासरी २०. दुसरा संघ आठ सबल संघांशी खेळला; चार जिंकला, चार हरला. त्याची सरासरी भरते साडेबावीस. चार वेळा हरलेला संघ अपराजित संघाच्या वर! प्राध्यापकमहाशयांना यात वावगे काही वाटत नव्हते, आणि माझ्या मते ते सर्वस्वी चुकत होते असेही नाही. दुबळ्यांना आठदा लोळविण्यापेक्षा बलवंतांशी बरोबरीने झुंजणे अधिक मोलाचे, असे मानणारी माणसे जगात पुष्कळ आहेत. मात्र ३० आणि १५ हे आकडे कोठून आले, असे विचारले असते तर गणिताने त्याचे उत्तर दिले नसते. ते आकडे म्हणजे डिकिन्सन यांचे मत होते. फक्त त्याने आकड्यांचा वेष घेतला होता. नोटर डेमचे विख्यात प्रशिक्षक नूट रॉकनी यांनी तर या प्राध्यापकांना मागच्या दोन वर्षांचेही हिशेब करावयास लावले आणि त्यामुळे १९२४ चे अजिंक्यपद रॉकनींच्याच संघाकडे गेले. रॉकनी मैदानाबाहेरही कमी चतुर नव्हते, एवढे यावरून दिसते.

१९३६ पासून असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने क्रीडापत्रकारांचा साप्ताहिक कौल सुरू केला आणि तो आजतागायत चालू आहे. साठेक पत्रकार आपापली पंचवीस संघांची यादी देतात. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २४, असे करीत शेवटच्याला १. सर्वांची बेरीज करून क्रम लागतो. अठराव्या शतकात बोर्दा नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने विद्वत्सभेतील निवडणुकीसाठी जी रीत सुचविली होती, तिचेच हे रूप. १९५० पासून प्रशिक्षकांचा निराळा कौल सुरू झाला. एकंदरीत दोन दरबार आणि दोन निवाडे. बहुतेक वर्षी ते जुळत. जुळले नाहीत की देशाला दोन अजिंक्य संघ मिळत. १९९० मध्ये तसे झाले, १९९१ मध्ये झाले, १९९७ मध्ये पुन्हा झाले.

माणसांच्या कौलाला एक मोठा लाभ आहे. माणूस सामना पाहतो, आणि आकड्यात न मावणारी गोष्ट त्याला दिसते. पण त्याला सगळे सामने पाहता येत नाहीत, आणि ज्याची कीर्ती मोठी त्याच्याकडे त्याचे मन आधीच झुकलेले असते. हंगाम सुरू होण्यापूर्वीच पहिली यादी निघते. तिच्यात जो वर असतो तो जिंकत राहिला तर वरच राहतो, आणि जो खाली असतो त्याला वर चढावयास कोणीतरी हरण्याची वाट पाहावी लागते. १९६६ ची गोष्ट पाहा. नोटर डेम आणि मिशिगन स्टेट हे पहिल्या दोन क्रमांकांचे संघ समोरासमोर आले. गुण १०-१० असे समान असताना, शेवटच्या मिनिटाला चेंडू नोटर डेमच्या हाती होता. त्यांनी धोका पत्करून जिंकण्याचा यत्न केला नाही. वेळ काढून बरोबरी राखली. पुढच्या आठवड्यात त्यांनी सदर्न कॅलिफोर्नियाला ५१-० असे धुऊन काढले आणि कौलात पहिला क्रमांक मिळविला. अलाबामाचा संघ त्या वर्षी एकही सामना हरला नव्हता, त्याचा एकही सामना बरोबरीत सुटला नव्हता. त्याला तिसरा क्रमांक मिळाला. बरोबरी करणारे दोघे वर आणि सर्व सामने जिंकणारा खाली, हे अलाबामातील मंडळी अद्याप विसरलेली नाहीत.

याच्या उलट बाजू १९८४ मध्ये दिसली. ब्रिगहॅम यंग विद्यापीठ सर्व १३ सामने जिंकून अजिंक्य ठरले. त्याचे प्रतिस्पर्धी सामान्य होते, शेवटचा सामना ज्या मिशिगनशी झाला तो संघही त्या वर्षी जितके जिंकला तितकेच हरला होता. तरी एकमेव अपराजित संघ म्हणून कौल त्याच्याच बाजूने पडला. १९६६ मध्ये पत्रकारांनी बळ पाहिले, १९८४ मध्ये हिशेबाची पाटी पाहिली. एकाच न्यायासनाने दोन वेळा दोन कायदे लावले, असे म्हणावयास हरकत नाही.

या गोंधळाला कंटाळून यंत्रांना बोलावण्यात आले. १९९८ पासून १६ हंगाम जी पद्धती चालली तिच्यात कौल आणि गणकयंत्रे यांची सांगड घातलेली होती. यंत्राला आवडनिवड नाही, त्याला कोणा विद्यापीठाची कीर्ती ठाऊक नाही, म्हणून ते निःपक्षपाती, असा सर्वसाधारण समज असतो. तो कितपत खरा आहे हे पाहावयाचे तर यंत्राच्या पोटात काय असते ते पाहिले पाहिजे. मी दोन रीती घेतो.

पहिली वेस्ली कॉली या खगोलशास्त्रज्ञाची. ती लाप्लासच्या एका जुन्या नियमावर उभी आहे. एका संघाने एकच सामना खेळून तो जिंकला, तर त्याचे बळ शंभर टक्के मानावे काय? शहाणा माणूस तसे मानणार नाही. लाप्लास म्हणतो, विजयांत १ मिळवा, सामन्यांत २ मिळवा आणि भागा. सामना खेळण्यापूर्वी प्रत्येकाचे बळ अर्धे. एक जिंकला की दोनतृतीयांश, एक हरला की एकतृतीयांश. बारापैकी बारा जिंकला तर १४ पैकी १३. येथवर सोपे आहे. पण यात समोरचा संघ कोण हे आलेले नाही. म्हणून कॉली पुढची पायरी घेतो. प्रतिस्पर्धी जितका बलवान तितकी ही संख्या वर ढकलावयाची, जितका दुबळा तितकी खाली. पण प्रतिस्पर्ध्याचे बळ तरी किती? ते त्याच्या प्रतिस्पर्ध्यांवर अवलंबून. त्यांचे आणखी त्यांच्यावर. असे हे सर्वांचे सर्वांत गुंतलेले जाळे आहे आणि ते एकाच वेळी सोडवावे लागते. १२० संघ असतील तर १२० समीकरणे, १२० अज्ञात संख्या. माणसाचे डोके येथे थकते, यंत्र क्षणात उत्तर देते. कॉलीच्या रीतीत किती गुणांनी जिंकला याला काही किंमत नाही. जिंकला की हरला, एवढेच पाहावयाचे.

दुसरी रीत केनेथ मॅसी याने १९९७ मध्ये विद्यार्थिदशेत मांडलेली. ती याच्या उलट, जयाचे अंतर मोजते. प्रत्येक संघाला अशी एक संख्या द्यावयाची की, दोन संघांच्या संख्यांतील फरक त्यांच्या सामन्यातील गुणांच्या फरकाशी शक्य तितका जुळावा. सगळीकडे तंतोतंत जुळणे अशक्य. म्हणून राहिलेल्या चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल असे करावयाचे. ग्रहांच्या कक्षा काढण्यासाठी गाउसने जे हत्यार वापरले तेच हे.

आता तीन संघांचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कागद-पेन्सिल जवळ असेल तर ताडून पाहावे. अ ने ब ला ११ गुणांनी हरविले. ब ने क ला ५ गुणांनी हरविले. क ने अ ला २ गुणांनी हरविले. कॉलीला विचाराल तर तो म्हणेल, तिघांनीही एकेक जिंकला, एकेक हरला. तिघे समान, प्रत्येकी अर्धा. मॅसीच्या रीतीने अ ला अधिक ३, क ला उणे १ आणि ब ला उणे २ मिळतात. म्हणजे अ पहिला, क दुसरा, ब तिसरा. पण ब ने तर क ला हरविले होते! होय, आणि तरीही तो त्याच्या खाली गेला, कारण अ कडून तो फार मोठ्या फरकाने हरला होता. पुरावा तोच, तीनच सामन्यांचा. आणि एक रीत म्हणते तिघे सारखे, दुसरी म्हणते यांत स्पष्ट उच्चनीचता आहे. दोघांच्याही गणितात तिळमात्र चूक नाही. दोघांना प्रश्नच निराळे विचारलेले आहेत. एकीला विचारले आहे, कोणी काय कमावले? दुसरीला विचारले आहे, उद्या पुन्हा गाठ पडली तर कोण जिंकेल?

भविष्य वर्तवावयाचे असेल तर गुणांचा फरक उपयोगी पडतो. एका गुणाने जिंकणाऱ्यापेक्षा तीस गुणांनी जिंकणारा उद्याही जिंकण्याचा संभव अधिक. परंतु क्रमवारीत त्याला किंमत दिली की प्रशिक्षक, सामना हातात आला असतानाही, खचलेल्या प्रतिपक्षावर गुणांचा पाऊस पाडू लागतात. त्यात खिलाडूपणा राहत नाही आणि दुबळ्या संघाच्या मुलांना उगीच इजा होतात. म्हणून २००२ च्या हंगामापासून अजिंक्यपदाच्या सूत्रातील सर्व यंत्रांना गुणांचा फरक वापरण्यास मनाई करण्यात आली. जेफ सॅगरिन यांनी तेव्हापासून दोन याद्या ठेवल्या. एक सूत्रासाठी, जय-पराजयावर आधारलेली, आणि दुसरी गुणांचा फरक धरून केलेली. पुढच्या सामन्याचे भाकीत करावयाचे तर दुसरीच अधिक विश्वसनीय, असे ते स्वतःच सांगत. म्हणजे ज्ञात असलेली उपयुक्त माहिती नीतीसाठी जाणूनबुजून टाकून दिली गेली. मला हा निर्णय योग्य वाटतो. मात्र तो नीतीचा निर्णय होता, गणिताचा नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

रीती आणखीही आहेत. बुद्धिबळाच्या खेळाडूंसाठी अर्पाद एलो यांनी केलेली पद्धती फुटबॉललाही लावतात. तीत प्रत्येक सामन्यानंतर हरणाऱ्याचे काही गुण जिंकणाऱ्याकडे जातात, आणि अनपेक्षित विजयाला अधिक मिळतात. तिचा खुलासा येथे लांबवीत नाही. त्यापेक्षा २००७ मध्ये तीन गणितज्ञांनी प्रसिद्ध केलेली एक मौजेची कल्पना सांगतो. असंख्य माकडे घ्या आणि त्यांना मतदार करा. प्रत्येक माकड कोणत्या तरी एका संघाचे भक्त. ते आपल्या संघाचा एखादा सामना सहजगत्या निवडते आणि नाणे उडविते. नाणे असे घडविलेले की, बहुधा जिंकलेल्या संघाच्या बाजूने पडावे, क्वचित हरलेल्याच्या. नाणे सांगेल त्या संघाकडे माकड जाते. ही उडी असंख्य वेळा मारू द्या. काही काळाने प्रत्येक संघाच्या झाडावर किती माकडे बसली आहेत ते मोजा, की झाली क्रमवारी. आता मेख अशी की, नाणे किती झुकते ठेवावयाचे? ते जवळजवळ पूर्णपणे विजयाकडे झुकविले तर सारी माकडे अपराजित संघांवर जाऊन बसतात, मग त्यांचे प्रतिस्पर्धी कितीही किरकोळ असोत. नाणे जवळजवळ समतोल ठेवले तर कठीण सामने खेळणाऱ्यांना भाव येतो आणि एखादा पराभव माफ होतो. १९६६ चा कौल आणि १९८४ चा कौल ही या एकाच नाण्याची दोन झुकावे झाली. ते झुकणे किती असावे हे कोणतेही समीकरण सांगू शकत नाही. एका पराभवाची किंमत काय धरावयाची हे माणसालाच ठरवावे लागते. आणि यंत्राच्या पोटात ते कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असते.

म्हणून यंत्र वापरावयाचे तर त्याचे पोट उघडे असावे, हा माझा आग्रह राहील. त्याला एक नमुनेदार दाखला आहे. सूत्रात त्या काळी सहा यंत्रे होती आणि त्यांपैकी कॉलीने मात्र आपली रीत संपूर्ण प्रसिद्ध केली होती. २०१० च्या डिसेंबरात एका चिकित्सकाने तोच हिशेब स्वतः करून पाहिला, तो उत्तर जुळेना. शोध घेता आढळले की कॉलीच्या यादीत एक सामना घालावयाचाच राहिला होता. तोही खालच्या श्रेणीतला, ॲपलेशियन स्टेट आणि वेस्टर्न इलिनॉय यांच्यामधला. वरच्या श्रेणीतील कोणालाही त्याच्याशी प्रत्यक्ष कर्तव्य नव्हते. पण जाळ्यातील एक धागा ओढला की सारे जाळे हलते. तो सामना घालताच अखेरच्या क्रमवारीत दहाव्या स्थानावरील लुईझियाना स्टेट अकरावे झाले आणि अकराव्या स्थानावरील बॉइझी स्टेट दहावे. अजिंक्यपदाला त्याचा धक्का लागला नाही, हे नशीब. पण जी गणिते झाकलेली होती त्यांत असे किती सामने राहून गेले असतील, हे कोण तपासणार?

यंत्रांची पत घसरली ती त्याआधीच, २००३ मध्ये. पत्रकार आणि प्रशिक्षक या दोन्ही कौलांत सदर्न कॅलिफोर्निया पहिले होते. सूत्राने मात्र त्याला तिसरे ठरविले आणि अंतिम सामन्यातून वगळले. सूत्रात पहिले आलेले ओक्लाहोमा नुकतेच आपल्या गटाच्या निर्णायक सामन्यात कॅन्सस स्टेटकडून ३५-७ असे सपाटून हरले होते! यंत्रांना गुणांचा फरक पाहण्याची बंदी होती आणि पराभव हंगामाच्या आरंभी झाला काय किंवा अखेरीस झाला काय, सूत्राच्या लेखी तो एकच पराभव होता. लुईझियाना स्टेटने अंतिम सामन्यात ओक्लाहोमाला २१-१४ असे हरविले. ठरावाप्रमाणे प्रशिक्षकांनी या विजेत्यालाच मते द्यावयाची होती. तरी तिघांनी बंड करून सदर्न कॅलिफोर्नियाला पहिले मत दिले. पत्रकारांनीही तेच केले. दोन अजिंक्य संघ टाळण्यासाठी योजलेल्या पद्धतीने पुन्हा दोन अजिंक्य संघ दिले. पुढच्याच वर्षी सूत्र बदलून दोनतृतीयांश भार कौलाला आणि एकतृतीयांश यंत्रांना देण्यात आला. विनोद असा की, माणसांचा पक्षपात घालविण्यासाठी यंत्रे आणली आणि यंत्रांचे उत्तर माणसांच्या उत्तराशी जुळेना तेव्हा यंत्रांचीच शक्ती कमी केली.

२०१४ पासून यंत्रे बाजूला सारून १३ जणांची निवड समिती आली आणि दोहोंऐवजी चार संघ बाद फेरीत घेण्याची प्रथा पडली. समिती बंद खोलीत बसते, आकडे पाहते, चर्चा करते आणि मते घेते. तिच्यापुढचा सर्वांत अवघड खटला २०२३ चा. फ्लॉरिडा स्टेटने १३ पैकी १३ सामने जिंकले होते आणि एका बलाढ्य गटाचे विजेतेपदही मिळविले होते. परंतु नोव्हेंबरमध्ये त्याचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, जायबंदी झाला. समितीने विचार केला की, त्याच्यावाचून हा संघ पूर्वीचा राहिलेला नाही. आणि एक पराभव पदरी असलेल्या अलाबामाला चौथी जागा दिली. फ्लॉरिडा स्टेट पाचवे. अशा बलाढ्य गटाचा अपराजित विजेता वगळला जाण्याचा या पद्धतीतील हा पहिलाच प्रसंग. पुढे ऑरेंज बाउलमध्ये जॉर्जियाने फ्लॉरिडा स्टेटचा ६३-३ असा धुव्वा उडविला, तेव्हा समितीचे समर्थक म्हणाले, पाहा, आम्ही सांगत नव्हतो? हा पुरावा मला पटत नाही. मन मोडलेल्या त्या संघातील बरेच प्रमुख खेळाडू तो सामना खेळलेच नव्हते. पण मूळ मुद्दा तो नाहीच. ज्यांनी तेरा आठवडे आपले काम चोख केले, ज्यांच्यावर त्या सामन्यांत कोणी मात केली नाही, त्यांना केवळ उद्या ते हरतील अशा अदमासाने आजच्या कमाईपासून दूर ठेवावे काय? समितीने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिले, आणि मुलांना वाटत होते की आपली परीक्षा पहिल्या प्रश्नाची आहे. परीक्षेपूर्वी प्रश्नपत्रिका कोणती ते सांगावयास हवे होते, असे माझे मत आहे.

२०२४ पासून चारांऐवजी बारा संघ घेतले जातात. अपराजित राहून बाहेर पडण्याची भीती त्यामुळे पुष्कळ कमी झाली. तंटा चौथ्या-पाचव्या जागेवरून बाराव्या-तेराव्या जागेवर सरकला. त्या पहिल्याच वर्षी ओरेगॉन विद्यापीठ नेहमीच्या हंगामात अपराजित राहिले होते आणि त्यात ऑक्टोबरमध्ये ओहायो स्टेटवर मिळविलेला ३२-३१ असा एका गुणाचा विजयही होता. समितीने ओरेगॉनला पहिला क्रमांक दिला. ओहायो स्टेट पुढे मिशिगनकडूनही हरले. दोन पराभव घेऊन ते आठव्या मानांकनाने बाद फेरीत उतरले. १ जानेवारी २०२५ रोजी रोझ बाउलमध्ये त्या दोघांची पुन्हा गाठ पडली आणि या वेळी ओहायो स्टेटने ४१-२१ असा विजय मिळविला. वर्षअखेर ओरेगॉनच्या नावावर १३ विजय आणि १ पराभव, ओहायो स्टेटच्या नावावर १४ विजय आणि २ पराभव, आणि आपसात एकेक अशी नोंद झाली. अजिंक्यपद ओहायो स्टेटकडे गेले.